दीनदयाळ कार्ड आहे, गोमेकॉ आहे, मग खासगी पॉलिसीचे पैसे कशाला भरायचे?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. फोंड्याचे एक गृहस्थ आहेत, स्वतःचं गाड्यांचं वर्कशॉप, घरात बायको, मुलगी, आई ६३ ची, वडील ६८ चे, वडिलांना डायबेटीस आणि बीपी. सगळ्यांची मिळून एक खासगी हेल्थ पॉलिसी आहे, तिचा प्रीमियम दरवर्षी चढतोय आणि यंदाचा रिन्युअलचा मेसेज बघून डोळे पांढरे झाले. घरात गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्ड आहे, बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी हॉस्पिटल, अर्ध्या तासावर आहे, मग पॉलिसी बंद केली तर काय बिघडलं, हा पहिला प्रश्न. दुसरा मोठा, ज्यावरून त्यांच्या भावाशी रोज हमरीतुमरी चाललीय, की सरकारने सगळ्यांना सगळे उपचार फुकट द्यावेत की सगळ्यांचा इन्शुरन्स काढून मोकळं व्हावं.

मी खासगी हॉस्पिटलात इन्शुरन्स डेस्कवर काम करतो, आधी एका टीपीएमध्ये (विमा कंपन्यांसाठी क्लेम तपासणारी संस्था) होतो, म्हणजे क्लेम पाठवणारा आणि क्लेम कापणारा अशा दोन्ही खुर्च्यांवर बसून झालंय. पॉलिसी बंद करू नका, पण आहे तशी चालूही ठेवू नका. का ते सांगताना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही येईलच, कारण हे दोन प्रश्न लोकांना वेगळे वाटतात आणि डेस्कवर बसलं की ते एकच असतात.

दीनदयाळपासून सुरू करतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ ला सुरू झाली. तिची खरी मोठी गोष्ट काय तर उत्पन्नाची अट नाही. गोव्यात पाच वर्षं राहिलेला कोणीही, मग तो बाबूश असो की बाबलो, वर्षाला २००-३०० रुपये भरून कार्ड काढू शकतो (सरकारी नोकरांना वेगळी सोय आहे म्हणून ते यात नाहीत). तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. तेव्हा देशात बहुतेक योजना दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी होत्या आणि आपल्याकडे सगळ्यांसाठी आली, हे मान्य करायलाच हवं. आयुष्मान भारत नंतर आलं, सप्टेंबर २०१८ ला, पाच लाखांचं, पण ते ठरावीक यादीतल्या गरीब कुटुंबांना. शेजारच्या महाराष्ट्रात महात्मा फुले योजना सगळ्या रहिवाशांना लागू करायचा निर्णय झाला तो २०२३ ला. तर कागदावर बघायला गेलं तर युनिव्हर्सल हेल्थ कव्हरची परीक्षा गोव्याने आधीच पास केलीय.

पण कार्डावरचे चार लाख हे तुमच्या खात्यातले चार लाख नव्हेत. योजना चालते ती पॅकेजवर. यादीतल्या प्रत्येक ऑपरेशनला, प्रोसिजरला एक ठरलेला रेट असतो आणि त्यात बेड, औषधं, सर्जन, भूलतज्ज्ञ, तपासण्या, जेवण सगळं धरलेलं. हॉस्पिटलला तेवढेच मिळणार, पेशंट तीन दिवसांत घरी गेला तरी आणि नऊ दिवस राहिला तरी. आता तुम्ही स्वतः धंदा करता, सांगा बघू, हॉस्पिटल कुठला पेशंट खुशीने घेईल? चाळिशीतला हर्निया. ठरवून केलेली अँजिओप्लास्टी. गर्भाशयाची पिशवी काढायची बाई, बाकी तब्येत ठणठणीत. या पेशंटला कार्ड दाखवलं की सगळं झटपट होतं, लोक बाहेर येऊन योजनेचं कौतुक करतात आणि ते कौतुक खरंच असतं.

आणि ७५ वर्षांच्या म्हाताऱ्याला शुगरमुळे पायाला जखम, ती चिघळलेली, किडनी अर्धी गेलेली, तापाने भ्रमिष्टासारखं बडबडतोय, तो आला की? त्याला किती दिवस लागतील ते डॉक्टरलाही सांगता येत नाही, ॲंटिबायोटिकचंच रोजचं बिल हजारोंत, आणि पॅकेजमध्ये त्याच्यासाठी जे काय मिळतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी संपलेलं असतं. तेव्हा कुठलंच हॉस्पिटल तोंडावर नाही म्हणत नाही. "आयसीयूत बेड नाही हो, बांबोळीला न्या, तिथे सगळ्या सोयी आहेत" असं म्हणतात. १०८ बोलावली जाते आणि ती सायरन वाजवत बांबोळीला जाते. म्हणजे ज्याला खर्च जास्त, भरवसा कमी, तो पेशंट शेवटी गोमेकॉत, आणि मग आपणच बातमी वाचतो की गोमेकॉत पेशंट खाली गादी घालून झोपवलेत, काय ही सरकारी व्यवस्था! अरे, पण तिथे पाठवले कोणी ते?

यात खासगीवाले सगळे राक्षस आहेत असं मी म्हणत नाही. १५-२० खाटांचं नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टरला औषधांच्या डिस्ट्रिब्युटरचे पैसे महिन्याभरात द्यायचे असतात, नर्सेसचे पगार एक तारखेला, लाईटचं बिल थांबत नाही, आणि सरकारी योजनांचे पैसे मात्र कधी दोन महिन्यांनी कधी सहा, मध्येच एखादी क्वेरी येऊन अडकतात. मोठ्या हॉस्पिटलला हे झेपतं, छोट्याला झेपत नाही, तो हळूच योजनेतून अंग काढून घेतो. बोर्ड तसाच राहतो दारावर.

म्हणून "सगळ्यांना इन्शुरन्स द्या, प्रश्न सुटला" म्हणणाऱ्या तुमच्या भावाला माझं म्हणणं सांगा की इन्शुरन्स म्हणजे पोहरा. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार. काणकोणात किंवा सत्तरीत मेंदूच्या ऑपरेशनची सोय नाही तर तिथल्या माणसाला दहा लाखांचं कार्ड दिलं म्हणून सर्जन उगवत नाही. थायलंडचं उदाहरण लोक फार देतात, २००२ ला त्यांनी तीस बाटची स्कीम आणली, बहुतेक उपचार तीस बाटमध्ये, खरंय. पण त्याआधीची कित्येक वर्षं त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत हॉस्पिटलं बांधली होती आणि नव्या डॉक्टरांना खेड्यात सक्तीने पाठवलं होतं, तो भाग कोणी सांगत नाही. आधी हॉस्पिटल, मग कार्ड, हा क्रम आहे.

आता गोमेकॉबद्दल एक गोष्ट, जी मला या सगळ्या वादात सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जी कोणी बोलत नाही. १८४२ ची एस्कोला मेडिका, तिचं लिबरेशननंतर १९६३ ला गोवा मेडिकल कॉलेज झालं, ही परंपरा वगैरे सगळं ठीक आहे. पण गोमेकॉचा फायदा तिथे जाणाऱ्यालाच होतो असं नाही, जो कधी तिथे पाय ठेवत नाही त्यालाही होतो. मडगावच्या किंवा पणजीच्या खासगी हॉस्पिटलात एखाद्या ऑपरेशनचं एस्टिमेट देताना बिलिंगवाल्याच्या डोक्यात मागे एक हिशोब चालू असतो, की फार ताणलं तर हा उठेल आणि बांबोळीला जाईल, तिथे हेच ऑपरेशन होतं, सर्जनही चांगला आहे, वेटिंग आहे एवढंच. ही भीती आहे म्हणून आपल्याकडचे रेट थोडेतरी जमिनीवर राहतात. ज्या शहरांत सरकारी हॉस्पिटलावरचा मध्यमवर्गाचा विश्वास पार उडालाय तिथे ही भीतीच उरलेली नाही, तिथली बिलं बघा एकदा. रेट कंट्रोलचे कायदे करा, जरूर करा, पण कायद्यातून वाट काढायची खासगीवाल्याला सवय आहे. शेजारी चालू असलेल्या चांगल्या सरकारी हॉस्पिटलातून वाट काढता येत नाही.

कायद्याची वाट कशी निघते त्याचं उदाहरण देतो. फेब्रुवारी २०१७ ला हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली, औषध लावलेला स्टेंट, जो लाखाच्या वर जायचा, तो तीस हजारांच्या आत आणला (२९,६०० रुपये). त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याचे इम्प्लांट. दोन्ही निर्णय चांगले, पेशंटचे पैसे वाचलेच. पण हॉस्पिटलचं पूर्ण बिल तेवढ्या प्रमाणात उतरलं का, तर नाही. कॅथलॅब चार्जेस, बलून, कॅथेटर, गाईडवायर, प्रोसिजर फी, कुठे ना कुठे भर पडते. २०१८ ला औषध किंमत प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, दिल्ली परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली तर वापरून फेकायच्या वस्तूंवर, सिरिंज, थ्री-वे वगैरे, १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा सापडला. बिलातली एक ओळ दाबली की दुसरी फुगते.

बरं, आता तुमची पॉलिसी.

लोकांना वाटतं क्लेम रिजेक्ट होतो म्हणजे कंपनी चोर. कंपन्या काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत, पण माझ्या टेबलावरचे बरेचसे घोळ ॲडमिशनच्या पहिल्या तासातच होतात. दोन सांगतो, दोन्ही तुमच्या वडिलांना लागू आहेत.

पहिला केसपेपरचा. पेशंट कॅज्युअल्टीत, घरचे घाबरलेले, ड्युटीवरचा पोरसवदा डॉक्टर विचारतो, शुगर कधीपासून? कोणीतरी ठोकून देतं, "झाली असतील दहा-बारा वर्षं". डॉक्टर लिहितो, डायबेटीस बारा वर्षं. पॉलिसी घेऊन झालीत चार वर्षं आणि फॉर्ममध्ये एजंटने लिहिलेलं असतं डायबेटीस नाही, कारण त्याला केस पटकन लॉगिन करायची होती. झालं, माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारला. नंतर कितीही म्हणा की अंदाजे सांगितलं होतं, पहिला कागद तो पहिला कागद. तेव्हा दोन कामं करा. पॉलिसीबरोबर आलेल्या प्रपोजल फॉर्मची कॉपी काढून बघा, वडिलांची शुगर-बीपी त्यात लिहिलीय का, नसेल तर आत्ताच कंपनीला लेखी कळवा, थोडा प्रीमियम वाढेल, वाढू दे. आणि डायबेटीस पहिल्यांदा निघाला तेव्हाचा रिपोर्ट घरात असेल तर फोटो काढून फोनमध्ये ठेवा, विचारलं की तारीख दाखवायची, अंदाज सांगायचा नाही. एप्रिल २०२४ पासून नियम बरे झालेत, आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचं वेटिंग (पूर्वी चार होतं), आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, सरळ फसवणूक सिद्ध झाली तरच. म्हणूनच म्हणतो बंद करू नका. तुमची चार-पाच वर्षं झाली असतील तर तुम्ही भरलेल्या पैशांतली खरी कमाई ती आहे, ६८ व्या वर्षी डायबेटीससकट नवीन पॉलिसी काढायला जाल तेव्हा कळेल.

दुसरा घोळ रूमचा. हा हिशोब नीट वाचा, शिकलेली माणसंही यात फसतात. समजा पॉलिसी तीन लाखांची आणि रूमची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. आपण म्हणतो, बाबांना जरा चांगली रूम घेऊया, वरचे तीन हजार खिशातून भरू, आणि सहा हजारांची रूम घेतो. पाच दिवस. बिल होतं दोन लाख. त्यात रूमचे ३० हजार, सर्जन-ओटी-भूल-नर्सिंग-व्हिजिट मिळून ९० हजार, औषधं-तपासण्या-इम्प्लांट ८० हजार. तुमच्या हिशोबाने खिशातून जायला हवेत १५ हजार. प्रत्यक्षात कंपनी म्हणते तुम्ही पात्रतेच्या दुप्पट रूम घेतली, म्हणजे रूमवर अवलंबून असलेले सगळे चार्जेस आम्ही निम्मेच देणार. रूमचे १५ गेले, वर ९० चे ४५ गेले. एकूण ६० हजार तुमचे. औषधं, इम्प्लांट, तपासण्यांवर ही कात्री चालवायची नाही असा नियम आहे, कोणी चालवली तर भांडा, पण बाकीचं कायदेशीर आहे. शिवाय ग्लोव्हज, डायपर, ॲडमिशन किट असल्या वस्तू वेगळ्या कापतात. डिस्चार्जच्या दिवशी माणूस माझ्यासमोर उभा राहतो, "तुम्ही तर म्हणाला होतात कॅशलेस आहे" म्हणतो, आणि मागे पेशंट व्हीलचेअरवर बसलेला.

त्या डिस्चार्जबद्दलही सांगून टाकतो. नियम असा आहे की ॲडमिट होतानाची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत यायला हवी. लोक डॉक्टर सकाळी राऊंडला "जा घरी" म्हणाले तेव्हापासून घड्याळ लावतात. पण ते तीन तास सुरू होतात हॉस्पिटलने फायनल बिल पाठवलं की. त्याआधी वॉर्डमधून फाईल यायची, उरलेली औषधं फार्मसीत परत जायची, डिस्चार्ज समरी टाईप होऊन डॉक्टरची सही व्हायची (आणि डॉक्टर तेव्हा ओटीत), यातच दुपार होते. तेव्हा आदल्या दिवशी संध्याकाळीच सिस्टरला विचारा उद्या डिस्चार्ज आहे का, आणि समरी तयार करून ठेवायला सांगा. कंपनीवर चिडण्याआधी आमच्या हॉस्पिटलवाल्यांवर चिडा, निदान अर्धा वेळ तरी.

मग करायचं काय? सगळ्यांची एकत्र पॉलिसी आहे ती मोडा. अशा एकत्र पॉलिसीचा, म्हणजे फ्लोटरचा, प्रीमियम सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या वयावरून लागतो, म्हणजे वडिलांच्या वयाचा भार तुमच्या मुलीच्या कव्हरवरही बसतोय. आईवडिलांची वेगळी, तुमची तिघांची वेगळी. तोडताना वेटिंगची झालेली वर्षं पुढे धरली जातील हे कंपनीकडून लेखी घ्या. वडिलांच्या पॉलिसीत थोडं को-पे (बिलाचा ठरलेला हिस्सा आपण भरायचा) आलं तरी चालेल, रूमची मर्यादा असलेली नको. वर सुपर टॉप-अप घ्या, तो स्वस्त असतो कारण ठरावीक रकमेच्या वरचाच खर्च तो देतो. आणि वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेव्हा एजंटने जुनाच आकडा पाठवला नाही ना ते बघा. ६० च्या पुढच्यांचा प्रीमियम वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी विमा नियामकाशी, म्हणजे आयआरडीएआयशी, बोलावं लागतं, तेही विचारा. दोन वर्षांनी वडील ७० चे झाले की आयुष्मानचं वयवंदना कार्ड काढायचं, पाच लाख, उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी मिळतं.

दीनदयाळ कार्ड दरवर्षी रिन्यू करा, २००-३०० रुपयांसाठी आळस करू नका. ठरवून करायच्या ऑपरेशनला आधी बघा ते यादीत आहे का आणि कुठलं हॉस्पिटल घेतंय. एकाच ॲडमिशनमध्ये दोन्ही कार्डांचा खेळ खेळू नका, ॲडमिट होतानाच ठरवा कुठलं वापरायचं, मध्येच बदललं की दोन्हीकडून बोंब. बाहेरच्या राज्यात पाठवायची वेळ आली, म्हणजे मुंबईला टाटाला किंवा बेळगाव-मणिपालला, तर सरकारची जुनी मेडिक्लेम योजना वेगळी आहे, गोमेकॉत उपचार उपलब्ध नसल्याचा कागद लागतो, तो घेतल्याशिवाय कोकणकन्येत बसू नका. नंतर मागे जाऊन तो मिळवणं म्हणजे चपला झिजवणं.

हार्ट अटॅकला मात्र विचार करायचा नाही, कार्ड कुठलं, रूम कुठली, काही नाही. गोव्यात स्टेमी प्रकल्प आहे, छातीत दुखायला लागलं की जवळच्या सरकारी हॉस्पिटलात ईसीजी काढतात, तो गोमेकॉतल्या कार्डिओलॉजीला जातो आणि गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथेच फुकट देतात. तुम्हाला फोंड्याचं उपजिल्हा हॉस्पिटल जवळ आहे. खासगीकडे धावण्यात तास घालवलेली माणसं मी बघितलीत.

हे सगळं ॲडमिट झाल्यावरचं. पण तुमच्या घरातला खरा खर्च ॲडमिशनचा आहे का? वडिलांच्या गोळ्या, तीन महिन्यांनी एचबीएवनसी (शुगरची सरासरी सांगणारी तपासणी), डोळे तपासणी, डॉक्टरची फी, हे बारा महिने चालू, आणि यातला एक रुपया कुठलंच कार्ड देत नाही, ना दीनदयाळ ना तुमची पॉलिसी. देशाचे आकडेही तेच सांगतात, एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ ला ६४ टक्के होता तो २०२१-२२ पर्यंत ३९ वर आला असं सरकारी हिशोब म्हणतो, तरी ३९ म्हणजे थोडा नव्हे, आणि त्यात ओपीडीच्या औषधांचा हात मोठा. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिन सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. "सरकारी गोळ्या लागू पडत नाहीत" असं वडील म्हणणार, सगळेच म्हणतात, मेटफॉर्मिनला मात्र आपण कुठून आलो ते माहीत नसतं. निदान जनऔषधीतून तरी घ्या. आणि या गोळ्या वेळेवर घेतल्या तर तो चिघळलेला पाय माझ्या डेस्कपर्यंत येतच नाही, युनिव्हर्सल हेल्थकेअरचा सगळ्यात स्वस्त भाग हाच आणि सगळ्यात दुर्लक्षित भागही हाच. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ ला तो १.८४ होता आणि तोही कोविडच्या काळात. आता जे काही वाढेल त्यातला मोठा हिस्सा प्रीमियम भरण्यात जाणार की आरोग्य केंद्रात दुपारनंतरही डॉक्टर बसवण्यात, भांडायचं तर यावर भांडा. माझं मत दुसऱ्या बाजूने आहे, जरी माझा पगार पहिल्यावर चालतो.

"सगळ्यांना फुकट" म्हणताना सगळे म्हणजे कोण हेही ठरवावं लागतं, आणि गोव्यात हा विषय नाजूक आहे. जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत परराज्यातल्या पेशंटना फी लावली. दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा, या लोकांना जवळचं मोठं हॉस्पिटल म्हणजे बांबोळीच, पिढ्यान्‌पिढ्या, कारण त्यांच्या बाजूला तशी सोयच उभी राहिली नाही. दोडामार्गात मोठं आंदोलन झालं तेव्हा. गोव्यातल्या लोकांचं म्हणणं, कर आम्ही भरायचा, बेड आम्हाला नाही. दोन्ही खरं आहे. मला विचाराल तर पैसे दोन सरकारांनी आपसात भागवावेत, पेशंटला खिडकीवर पावती फाडायला लावू नये, आणि इमर्जन्सीत तर नाहीच. सुप्रीम कोर्टाने १९८९ आणि १९९६ च्या निकालांत इमर्जन्सी उपचार नाकारता येणार नाहीत हे सांगून ठेवलंय.

तुमच्या वर्कशॉपमधली मुलं कुठली आहेत? झारखंड, कर्नाटक, यूपी, बहुतेक असंच काहीतरी असणार, आणि गोव्यात पाच वर्षं झाली नसतील तर दीनदयाळ नाही. दहापेक्षा कमी कामगार असतील तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, तोही लागू नाही (दहा झाले आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल तर लागू आहे, कामगाराचे पाऊण टक्का, तुमचे सव्वातीन, टाळू नका). पण त्यांच्या गावी आयुष्मानच्या यादीत नाव असू शकतं आणि ते कार्ड गोव्यातल्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलातही चालतं. कार्ड गावी आईच्या ट्रंकेत असतं, मुलगा इथे जॅकखाली. फोनवर काढून घ्यायला सांगा, आधार लागतो फक्त. आणि प्रत्येकाची अपघात पॉलिसी तुम्ही काढा, तुमच्या एका सर्व्हिसिंगच्या बिलाइतकी किंमत आहे.

पॉलिसी पोर्ट करायचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा, विचार असेल तर रिन्युअलच्या तारखेच्या किमान ४५ दिवस आधी नव्या कंपनीकडे अर्ज जायला हवा, म्हणजे मेसेज आत्ता आला असेल तर वेळ फार नाही. नवीन कंपनीने नकार दिला तर घाबरू नका, जुनी चालूच असते, पण ती चुकूनही लॅप्स होऊ देऊ नका, वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते मात्र त्या ३० दिवसांत कव्हर असेलच असं धरू नका. क्लेमची तक्रार कंपनीने महिन्याभरात मार्गी लावली नाही तर विमा लोकपालांकडे जायचं, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण घेतात. जाताना नकाराचं पत्र, पॉलिसीची कॉपी आणि तो पहिला केसपेपर एवढं न्या.